खेळाडूने दिले की खेळाडूच्या फाऊंडेशनने? एनबीएवाल्यांच्या दानाचा नेहमीचा घोळ

एनबीए म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉल लीग, तिचे प्लेऑफ्स म्हणजे सीझनअखेरची बाद फेरी एप्रिलमध्ये सुरू होते ती जूनपर्यंत चालते, आणि तेवढ्या काळात फीडवर दोनच प्रकारच्या पोस्टी फिरतात. एक म्हणजे काल कोणी किती पॉइंट मारले, आणि दुसरी म्हणजे "बघा, हा कोर्टाबाहेरही किती मोठा माणूस आहे, एवढे एवढे मिलियन दान केले". पहिल्या पोस्टीत फेकाफेकी चालत नाही कारण बॉक्स स्कोअर, म्हणजे मॅचमधल्या प्रत्येकाच्या आकड्यांचा तक्ता, सगळ्यांसमोर असतो, कोणीतरी लगेच कमेंटमध्ये येऊन चूक दाखवतं. दानाला बॉक्स स्कोअर नसतो ना, त्यामुळे तिथे दोन वेगळ्या गोष्टी सर्रास एकच समजल्या जातात, खेळाडूने स्वतःच्या कमाईतून दिलेले पैसे आणि खेळाडूच्या नावाच्या संस्थेने केलेलं काम. दोन्ही चांगल्याच गोष्टी आहेत, पण पैसा कोणाचा, निर्णय कोणाचा आणि उद्या काही बिघडलं तर जबाबदार कोण, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं दोन्हीकडे वेगळी येतात.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण लेब्रॉन जेम्सच्या शाळेचं. लेब्रॉनचं प्लेऑफ्समधलं नाव कसं झालं हे वेगळं सांगायला नको, २०१६ ची सात मॅचेसची फायनल म्हणजे त्याची टीम क्लीव्हलँड १-३ ने मागे, समोर ७३ मॅचेस जिंकून आलेली गोल्डन स्टेट, आणि या गड्याने पाचव्या आणि सहाव्या मॅचला ४१-४१ पॉइंट मारले, मग सातव्या मॅचला २७ पॉइंट, ११ रिबाऊंड, ११ असिस्ट. शेवटची दोनेक मिनिटं राहिली होती, स्कोअर ८९-८९, गोल्डन स्टेटचा आंद्रे इग्वाडाला एकटाच बास्केटकडे सुटलेला आणि लेब्रॉनने मागून धावत येऊन तो बॉल बोर्डावर असा काही चिकटवला की बस. आपल्याकडे सोमवारची सकाळ होती ती, अर्ध्या लोकांनी ऑफिसच्या बसमध्ये मोबाईलवर पाहिलंय. शहराला ५२ वर्षांनी मोठी ट्रॉफी मिळाली. आता असा माणूस २०१८ च्या जुलैमध्ये आपल्या गावात, म्हणजे क्लीव्हलँडपासून तासाभरावरच्या ॲक्रनमध्ये, गरीब मुलांसाठी शाळा सुरू करतो म्हटल्यावर बातमी काय होणार? "लेब्रॉनने स्वतःच्या पैशाने शाळा काढली".

प्रत्यक्षात ही शाळा, म्हणजे आय प्रॉमिस स्कूल, सरकारी आहे. ॲक्रनच्या पब्लिक स्कूल डिस्ट्रिक्टची, म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळाची. शिक्षक डिस्ट्रिक्टचे, अभ्यासक्रम डिस्ट्रिक्टचा, आणि नेहमीचा खर्चही डिस्ट्रिक्टच करतं, म्हणजे करदात्यांचा पैसा. पहिल्या वर्षीचे आकडे छापून आले होते, डिस्ट्रिक्टचं बजेट साधारण २० लाख डॉलर आणि लेब्रॉन जेम्स फॅमिली फाऊंडेशनने वर घातलेले साधारण ६ लाख डॉलर. ते सहा लाख कशाला गेले ते बघा, जादा शिक्षक घेऊन वर्ग लहान ठेवायला, शाळा सुटल्यावर एक तास जास्त थांबवून शिकवायला, ट्यूटर ठेवायला. शिवाय घरच्यांना किराणा घेऊन जाता येईल अशी सोय, ज्या आईबापांचं शिक्षण अर्धवट राहिलं त्यांच्यासाठी वर्ग, आणि प्रत्येक मुलाला सायकल आणि हेल्मेट. दुसरीच्या वाचनाच्या परीक्षेत मागे पडलेल्या मुलांमधून सोडत काढून २४० मुलं घेतली होती, तिसरी आणि चौथीची. लेब्रॉन स्वतः चौथीत असताना ८३ दिवस शाळेला गेला नव्हता, घराचा पत्ता नाही, आज इथे उद्या तिथे, त्यामुळे मुद्दाम याच वयाची आणि अशीच मुलं का, हे समजायला वेळ लागत नाही.

म्हणजे हे लेब्रॉनचं काम आहे की नाही? आहेच. त्याच्याशिवाय ही शाळा झालीच नसती. पण "लेब्रॉनने शाळेचा खर्च उचलला" हे वाक्य चूक आहे. आपल्याकडच्या गणपती मंडळाचं बघा ना, बॅनरवर अध्यक्षांचा फोटो मोठा, आणि अध्यक्ष खरंच रात्रंदिवस राबलेले असतात, स्वतःची वर्गणीही सगळ्यात जास्त देतात, पण मांडवाचा पैसा सगळ्या वॉर्डाचा असतो आणि रस्ता महापालिकेचा.

या घोळाने लेब्रॉनला नुसतं फुकटचं श्रेय मिळालं असंही नाही, उलटही झालं. २०२३ मध्ये बातमी आली की शाळेची जी पहिली बॅच आठवीत जाणार होती तिच्यातलं एकही मूल तिसरीनंतर राज्याच्या गणिताच्या परीक्षेत पास झालेलं नाही. झालं, सगळे लेब्रॉनवर तुटून पडले, "शाळा चालवता येत नाही तर काढली कशाला" वगैरे. अरे, पण चालवतंय कोण? गणिताचा मास्तर काय लेब्रॉनने नेमलाय का? जे २०१८ मध्ये "त्याची शाळा" म्हणून नाचत होते त्यांनीच ही वेळ आणली असं माझं मत आहे. (तरी एवढा मोठा बोर्ड लावल्यावर फाऊंडेशनलाही प्रश्न विचारलेच पाहिजेत, ते काही मी नाकारत नाही.)

आकड्यांचंही तसंच. २०१५ मध्ये लेब्रॉनचं फाऊंडेशन आणि ॲक्रन युनिव्हर्सिटीने मिळून जाहीर केलं की फाऊंडेशनच्या कार्यक्रमात टिकलेल्या मुलांना चार वर्षांची फी माफ, आणि दुसऱ्या दिवशी जगभर ४ कोटी १० लाख डॉलरचा आकडा. तो आकडा आला कुठून तर एका वर्षाची फी गुणिले चार गुणिले अंदाजे मुलं. हिशोब बरोबर असेल, पण तेवढ्या रकमेचा चेक कोणी फाडलेला नव्हता, फी माफ करणारी तर युनिव्हर्सिटी.

आता दुसरी बाजू, थेट स्वतःची कमाई. इथे ड्रू हॉलिडे. हा स्टार म्हणून कधी पोस्टरवर नसतो पण प्लेऑफ्समध्ये समोरच्याचं डोकं फिरवतो. २०२१ च्या फायनलची पाचवी मॅच, मिलवॉकी एका पॉइंटने पुढे, पंधराएक सेकंद उरलेले, बॉल फीनिक्सच्या डेव्हिन बुकरच्या हातात, आणि हॉलिडेने तो अक्षरशः त्याच्या हातातून हिसकावून घेतला. कोणीही बॉल धरून वेळ काढला असता, याने पळत जाऊन तो हवेत टीमचा स्टार यानिस अँटेटोकुंपो याला फेकला आणि डंक! २७ पॉइंट, १३ असिस्ट. पुढच्या मॅचला यानिसने ५० मारले आणि मिलवॉकीला ५० वर्षांनी टायटल मिळालं.

पण दानाची गोष्ट त्याच्या आधीच्या वर्षाची, तेव्हा तो न्यू ऑर्लीन्सकडे होता. कोव्हिडमुळे सीझन थांबला, मग ऑर्लँडोच्या बबलमध्ये, म्हणजे सगळ्यांना एकाच बंदिस्त जागी ठेवून, परत सुरू झाला, आणि हॉलिडेने जाहीर केलं की सीझनचा उरलेला सगळा पगार, ५३ लाख डॉलरपर्यंत, कृष्णवर्णीयांच्या छोट्या धंद्यांना आणि संस्थांना देणार. बायको लॉरेन हॉलिडे, स्वतः अमेरिकेची वर्ल्ड कप जिंकलेली फुटबॉलपटू, दोघांनी मिळून फंड काढला आणि न्यू ऑर्लीन्स, इंडियानापोलिस, लॉस एंजेलिस अशा आपल्या शहरांपासून सुरुवात केली. त्याच बबलमध्ये सॅन अँटोनियोचा पॅटी मिल्स, ऑस्ट्रेलियन, आठ मॅचेसचा सगळा पगार म्हणजे १० लाख १७ हजार डॉलरच्या वर, ऑस्ट्रेलियातल्या वर्णद्वेषविरोधी संस्थांना देऊन मोकळा. म्हणाला की खेळतोयच त्यासाठी.

इथे एक गंमत आहे जी बऱ्याच फॅन्सना माहीत नसते. "प्लेऑफ्सचा पगार दान केला" अशी पोस्ट दिसली की थोडं थांबा, कारण एनबीएत प्लेऑफ्सचा पगार असा नसतोच. करारातली रक्कम रेग्युलर सीझनची. प्लेऑफ्ससाठी लीग एक बोनसचा पूल ठेवते, टीम जितकी पुढे जाईल तितका वाटा वाढतो आणि टीममधले लोक आपसात ठरवून वाटून घेतात, आणि ज्याचा वर्षाचा पगार तीन-चार कोटी डॉलर आहे त्याच्यासाठी ती रक्कम किरकोळच. हॉलिडे आणि मिल्सने दिलेला पैसा बबलमधल्या रेग्युलर सीझनच्या मॅचेसचाच होता, त्या वर्षी दोघांच्याही टीम्स प्लेऑफ्सला पोचल्याच नाहीत.

मग कोणी म्हणेल, बघा, हॉलिडेनेही फंड काढलाच की, मग फरक काय राहिला? तर फरक फंड आहे की नाही हा नाहीच, आत पैसा कोणाचा गेला हा आहे. केव्हिन लव्ह घ्या, तोच तो ज्याने २०१६ च्या सातव्या मॅचला शेवटच्या मिनिटात गोल्डन स्टेटच्या स्टेफ करीला शॉट मारू दिला नाही. २०२० च्या मार्चमध्ये मॅचेस बंद पडल्या तेव्हा क्लीव्हलँडच्या स्टेडियममधल्या कामगारांसाठी १ लाख डॉलर द्यायची घोषणा पहिल्यांदा त्याने केली, आणि ती केव्हिन लव्ह फंडमार्फत. यानिसनेही मिलवॉकीच्या कामगारांसाठी १ लाख जाहीर केले. बातमीत दोन्ही नावं शेजारी शेजारी, पैशाची वाट वेगळी असू शकते.

दोन्ही गोष्टी एकाच माणसात बघायच्या असतील तर डिकेम्बे मुटोम्बो. जुन्या लोकांना तो फोटो आठवत असेल, १९९४, डेन्व्हर आठव्या नंबरची टीम, समोर ६३ मॅचेस जिंकलेली सिॲटल, ०-२ वरून ३-२ ने हरवली, आणि मुटोम्बो जमिनीवर उताणा पडून दोन्ही हातात बॉल धरून हसतोय. पाच मॅचेसमध्ये ३१ ब्लॉक. आठव्या नंबरने पहिल्या नंबरला हरवायची ती पहिलीच वेळ. तीन वर्षांनी, १९९७ मध्ये, त्याची आई किन्शासामध्ये वारली, शहरात गडबड चालू असल्याने तिला हॉस्पिटलपर्यंत नेताच आलं नाही. त्याच वर्षी त्याने फाऊंडेशन काढलं आणि पुढे किन्शासाच्या मसिना भागात आईच्या नावाने ३०० खाटांचं हॉस्पिटल उभं केलं, २००७ पासून तिथे पेशंट यायला लागले. खर्च २ कोटी ९० लाख डॉलर. त्यातले साधारण दीड कोटी मुटोम्बोचे स्वतःचे, बाकी त्याने दारोदार फिरून जमवले. मला विचाराल तर लिहायची बरोबर पद्धत ही आहे, "हॉस्पिटल २ कोटी ९० लाखांचं, निम्मे त्याचे". यात त्याचं काही कमी होत नाही. उलट इतरांकडून दीड कोटीच्या आसपास काढणं हे स्वतःचे दीड कोटी देण्यापेक्षा अवघड काम आहे, ज्यांनी एकदा तरी वर्गणी मागितलीय त्यांना विचारा. २०२४ मध्ये ब्रेन कॅन्सरने गेला बिचारा.

करीचंही थोडक्यात, कारण त्याच्या नावावर फार गोष्टी खपवल्या जातात. २०१२-१३ मध्ये तो प्रत्येक थ्रीमागे (लांबून मारलेला तीन पॉइंटचा शॉट) तीन मच्छरदाण्या द्यायचा, आफ्रिकेत मलेरियासाठी, म्हणजे खेळ आणि दान थेट जोडलेलं. आणि २०१९ पासून तो आणि बायको आयेशा ओकलंडमध्ये ईट लर्न प्ले नावाचं फाऊंडेशन चालवतात, त्यांनी ओकलंडच्या सरकारी शाळांसाठी ५ कोटी डॉलर उभे करायचं ठरवलं. उभे करायचं. कंपन्या, इतर दाते, सगळ्यांकडून. बोस्टनमध्ये २०२२ च्या फायनलच्या एका मॅचला ४३ पॉइंट त्याने एकट्याने मारले होते, हे पाच कोटी एकट्याचे नाहीत.

दंडाचं पण सांगून टाकतो कारण तेही दानात मोजलं जातं. रेफ्रीला शिव्या घातल्या किंवा टेक्निकल फाऊल मिळाला की दंड होतो आणि तो पैसा लीग आणि प्लेअर्स युनियनमार्फत चॅरिटीला जातो. छानच आहे, पण पंचवीस हजारांचा दंड भरला म्हणून माणूस दानशूर होत नाही.

आणि मुंबईत २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये वरळीच्या डोममध्ये सॅक्रामेंटो आणि इंडियाना या एनबीए टीम्स खेळायला आल्या तेव्हाही तेच दिसलं. पहिल्या मॅचला स्टँडमध्ये तीन हजारांवर शाळकरी मुलं, रिलायन्स फाऊंडेशन ज्युनियर एनबीए कार्यक्रमातली, इंडियानाने ओव्हरटाइममध्ये १३२-१३१ ने जिंकली ती मॅच. मुलांची मजा झाली, पण त्याला "खेळाडूंचं समाजकार्य" म्हणणं बरोबर नाही, तो कंपनीच्या फाऊंडेशनचा आणि लीगचा उपक्रम. आपल्याकडे तर २०१३ च्या कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सीएसआरवर, म्हणजे समाजकार्यावर, घालवावेच लागतात.

तपासायचं कसं? अमेरिकेत ते आपल्यापेक्षा सोपं आहे. प्रत्येक फाऊंडेशनला दरवर्षी फॉर्म ९९० (कर खात्याला द्यायचा हिशोब) भरावा लागतो आणि तो कोणालाही फुकट बघता येतो, प्रोपब्लिका या बातम्यांच्या संस्थेच्या साइटवर नाव टाकलं की येतो. आधी बघायचं की ते प्रायव्हेट फाऊंडेशन (बहुतेक एकाच माणसाच्या किंवा घराण्याच्या पैशावर चालणारं) आहे की पब्लिक चॅरिटी (अनेकांच्या देणग्यांवर चालणारी). प्रायव्हेट असेल तर फॉर्मच्या नंबरपुढे पीएफ असतं, वर्षाला मालमत्तेच्या साधारण पाच टक्के वाटावेच लागतात, आणि मोठ्या दात्यांची नावं उघड असतात, म्हणजे खेळाडूने स्वतः किती घातले ते सरळ दिसतं. पब्लिक चॅरिटी असेल तर दात्यांची नावं झाकलेली असतात, कार्यक्रमावर किती गेले आणि पगार-समारंभावर किती हे कळतं पण आत कोणाचे किती ते कळत नाही. अशा वेळी पोस्ट टाकताना "त्याच्या फाऊंडेशनने दिले" एवढंच लिहायचं.