न्यूरेम्बर्गची रात्र: ३० मार्च १९४४ च्या मागे काय होतं?

३० मार्च १९४४ च्या रात्री ब्रिटनच्या बॉम्बर कमांडची, म्हणजे हवाई दलाच्या बॉम्बफेकी विभागाची, ७९५ विमानं जर्मनीतल्या न्यूरेम्बर्ग शहराच्या मोहिमेवर निघाली. त्यांतली ९५ परतली नाहीत. एका रात्रीत एवढी विमानं या दलाने आधी कधी गमावली नव्हती, नंतरही नाही. दोष सहसा चांदण्याला दिला जातो. पण चांदणं हे शेवटचं कारण. बाकीची त्याआधीच साचत आली होती.

युद्धाच्या आरंभी दिवसाढवळ्या केलेल्या हल्ल्यांत इतकी विमानं पडली, की ब्रिटिश रात्रीकडे वळले. अंधारात विमान वाचायचं, पण लक्ष्य सापडायचं नाही. ऑगस्ट १९४१ मध्ये या हल्ल्यांची तपासणी करणाऱ्या बट अहवालाने तर लाजच काढली: लक्ष्यावर हल्ला केल्याचं सांगणाऱ्या विमानांपैकी तीनांत एकच त्याच्या पाच मैलांच्या आत पोचलं होतं. मग लक्ष्यच मोठं करण्यात आलं. फेब्रुवारी १९४२ पासून अख्खी औद्योगिक शहरं नेमावर आली आणि त्याच महिन्यात आर्थर हॅरिस दलप्रमुख झाले.

लँकेस्टर किंवा हॅलिफॅक्स या बॉम्बर विमानांत साधारण सात जण: वैमानिक, इंजिनिअर, वाट दाखवणारा नॅव्हिगेटर, बॉम्ब टाकणारा, वायरलेसवाला आणि दोन गनर. बहुतेक विशीतले. प्रशिक्षणाच्या वेळी त्यांना हँगरमध्ये एकत्र सोडत आणि आपापली टोळी स्वतःच जमवायला सांगत. हुकमावर चालणाऱ्या सैन्यात ही पद्धत अजबच. पहिल्या पाळीत तीस मोहिमा पुऱ्या करायच्या. विमानाच्या पोटाखाली मात्र बहुधा बंदूकही नसायची, पाहायला माणूसही नाही.

जर्मनांनी नेमकं तेच हेरलं. जुलै १९४३ मध्ये ब्रिटिशांनी हॅम्बर्गवर चंदेरी पट्ट्या सोडून त्यांची रडारं आंधळी केली होती. तेव्हा ठरलेल्या चौकटीत गस्त घालणारी शिकारी विमानं जर्मनांनी मोकळी सोडली. रेडिओवरची खबर ऐकून ती ताफ्यात घुसत. काहींवर तिरप्या, वर रोखलेल्या तोफा बसवल्या. खालून मारा करणारा दिसतच नसे.

न्यूरेम्बर्गच्या रात्री अर्धा चंद्र होता. जाताना ढगांचा आडोसा मिळेल, हा अंदाज होता. दुपारी टेहळणीवरच्या मॉस्किटो विमानाने उलट खबर आणली, तरी मोहीम रद्द झाली नाही. बेल्जियमपासून पूर्वेला सुमारे ४२५ किलोमीटरचा सरळ टप्पा, तोही शिकारी विमानं जमत त्या दीपस्थानांजवळून. विमानांमागे पांढऱ्या वाफेच्या रेघा उमटत होत्या. अंदाजापेक्षा जोराच्या वाऱ्याने ताफा भरकटला आणि शंभराहून अधिक विमानांनी श्वाइनफुर्ट या दुसऱ्याच शहराला न्यूरेम्बर्ग समजून बॉम्ब टाकले.

२२ वर्षांच्या सिरिल बार्टनच्या हॅलिफॅक्सवर लक्ष्याच्या अलीकडेच हल्ला झाला. इंटरकॉम बंद पडला, इशारा चुकीचा समजून तिघांनी पॅराशूटने उड्या टाकल्या. नॅव्हिगेटरही त्यांतच गेला. बार्टन तरीही पुढे गेला आणि परत इंग्लंडपर्यंत आला. तिथे इंधन संपून विमान कोसळलं. उरलेले तिघे वाचले, तो गेला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटनचा सर्वोच्च शौर्यसन्मान, मिळाला.

त्यानंतर मोर्चा मुख्यतः फ्रान्समधल्या रेल्वेकडे वळला. ही कामं सोपी मानून तिथली एक मोहीम तीसच्या हिशेबात एक तृतीयांशच धरत. मे महिन्याच्या सुरुवातीला फ्रान्समधल्याच मायी-ल-काँ इथल्या लष्करी तळावरच्या हल्ल्यात ४२ लँकेस्टर पडली आणि तो हिशेब गुंडाळावा लागला.