कार्बन फ्रेमची अतिहलकी फिक्स्ड गिअर सायकल

फिक्स्ड गिअर म्हणजे फ्रीव्हील (पायडल थांबले तरी चाक फिरू देणारी यंत्रणा) नसलेली, एकाच गिअरची सायकल. हिचे मागचे दातेरी चक्र हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, थेट आट्यांनी घट्ट बसवलेले असते, त्यामुळे चाक फिरते तोवर पायडलही फिरत राहते. उतारावर पाय थांबवून नुसते बसण्याची सोय हिच्यात नाही. वेग कमी करायचा तर पायांनी उलटा दाब द्यावा लागतो. व्हेलोड्रोमच्या, म्हणजे सायकल शर्यतींच्या मैदानाच्या, तिरप्या लंबगोल धावपट्टीवर (ट्रॅकवर) हीच सायकल चालते आणि तिथे तिला ब्रेक नसतात. पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात असा व्हेलोड्रोम आहे.

ही सायकल मुळातच हलकी असते. डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग), कॅसेट (मागच्या चक्रांचा संच), गिअर बदलण्याच्या कळा, त्यांच्या केबली आणि मागचा ब्रेक गेले की किलोभर वजन आपोआप उतरते. बेल्जियमचा सायकलपटू एडी मर्क्स याने १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत तासाभरात ४९.४३१ किमी अंतर कापून विक्रम केला. त्यासाठी इटलीचा सायकल कारागीर एर्नेस्तो कोल्नागोने बांधलेली सायकल सुमारे ५.७५ किलोची होती आणि तिची फ्रेम पोलादी होती. वजन घटवायला चेनच्या कड्यांनाही भोके पाडली होती. कार्बनशिवाय सायकल हलकी होत नाही, हा समज त्या एका सायकलीने खोटा ठरवला आहे.

कार्बनचे आकर्षण तरीही खरे आहे. राळेत भिजवलेल्या कार्बन तंतूंच्या पट्ट्या साच्यात थरावर थर रचून, दाब व उष्णता देऊन फ्रेम घडवतात. या पदार्थाची घनता पोलादाच्या साधारण एक पंचमांश असते आणि ताठपणा हवा त्या दिशेने तंतू मांडता येतात. मात्र व्हेलोड्रोमसाठी केलेली कार्बन फ्रेम बहुधा सर्वांत हलकी नसते. स्प्रिंटरच्या जोराने ती वाकू नये आणि हवा कापत जावी, याला तिथे ग्रॅमपेक्षा अधिक किंमत असते. शिवाय आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेच्या २००० पासूनच्या नियमानुसार शर्यतीची सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालत नाही. त्यामुळे पाच किलोच्या सायकलीचा हट्ट हा हौशी कारागिरांचाच.

हे हौशी लोक मग रस्त्यावरच्या शर्यतीची, सात-आठशे ग्रॅमची फ्रेम निवडतात, आणि खरी गोम तिथे असते. ट्रॅकच्या फ्रेममध्ये मागच्या चाकाची खाच आडवी व मागे उघडी असते. चाक मागे ओढून चेन ताणली, नट आवळले, की काम झाले. रस्त्याच्या फ्रेमची खाच उभी असते, चाक पुढेमागे सरकत नाही. हबची रुंदीही वेगळी : ट्रॅकला १२० मिमी, रस्त्याच्या जुन्या पद्धतीच्या फ्रेमला १३०. एक दाता कमीजास्त केला तर आस सुमारे ३ मिमी सरकावी लागते, म्हणून दात्यांची नेमकी जोडी शोधून चेन बरोबर ताठ बसवण्याचा प्रयत्न होतो. जोडी सापडली तरी चेन झिजून लांबली की पुन्हा ढिली पडते. फ्रीव्हीलच्या सायकलीची चेन पडली तर हात काळे होतात. इथे पडली तर पायाने लावायचा ब्रेकच जातो, आणि चेन अडकली तर मागचे चाक जागच्या जागी जाम होते. म्हणून विकेंद्री आसाचा हब किंवा विकेंद्री बॉटम ब्रॅकेट (पायडलचा आस धरणारा भाग) घेणे शहाणपणाचे; यांत आस मध्यापासून बाजूला असतो, तो फिरवून चेन ताणता येते. त्यासाठी वाढणाऱ्या ग्रॅमांचे दुःख करू नये.

मागच्या चक्राचे आटे उजवे असतात, तर त्यावरच्या लॉकरिंगचे (चक्र जागी धरणाऱ्या कड्याचे) डावे. उलटा दाब देताना चक्र सैल होऊ पाहते, तेव्हा लॉकरिंग त्याच ओढीने आणखी आवळली जाते. या जोडीत, चेनमध्ये किंवा क्रँकमध्ये (पायडलच्या दांड्यात) वजन वाचवू नये. ॲल्युमिनियमचे चक्र हलके असते, पण लवकर झिजते. वजन काढावे ते कार्बन रिम, ट्युब्युलर टायर (रिमला चिकटवायचा, आतच ट्यूब शिवलेला), सीटपोस्ट (सीटचा दांडा), हँडल आणि सीट यांतून.

दात्यांचे गणितही टायरशी जोडलेले आहे. ४८×१६ (पुढे ४८ दाते, मागे १६) या जोडीत पायडलच्या एका फेरीला चाक बरोबर तीन फेऱ्या घेते. त्यामुळे पाय नेहमीच्या स्थितीत रोखून घसरत थांबले, की टायरची तीच एक जागा घासते. ४९×१७ मध्ये ही झीज १७ जागी वाटली जाते. दोनशे ग्रॅमच्या नाजूक टायरला हा फरक फार मोठा. याच जोडीने पायडलच्या एका फेरीला सुमारे ६ मीटर अंतर जाते, म्हणजे मिनिटाला ९० फेऱ्यांत ताशी ३३ किमीच्या आसपास. बोरघाट ताशी ५० किमीने उतरायचा म्हटला तर पाय मिनिटाला १३८ वेळा फिरवावे लागतील. ज्याला हे जमते त्याने जरूर उतरावा, पण पुढचा ब्रेक लावून.

पुढच्या ब्रेकवरच अनेकांचे अडते, कारण ट्रॅकच्या सायकलीच्या चिमट्याला (पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कला) ब्रेकसाठी भोक नसते. कार्बनच्या चिमट्याला घरी ड्रिल लावू नये. तंतू तुटतात आणि भेग आतल्या आत वाढत जाते. भोक असलेला चिमटाच घ्यावा. ब्रिटनमध्ये फिक्स्ड गिअरची सायकल रस्त्यावर आणायची तर पुढच्या चाकाला ब्रेक कायद्यानेच लागतो.

जुळणी करताना टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानेच बोल्ट आवळणारा) हवाच. कार्बनच्या नळीला चिमटीत पकडून आवळलेले सहन होत नाही. सीटपोस्ट घसरत असेल तर बोल्ट पिळण्याऐवजी खरखरीत कार्बन पेस्ट लावतात. ॲल्युमिनियम कार्बनला थेट टेकले आणि त्यात घाम-पाणी गेले, तर ॲल्युमिनियम गंजून भाग अडकून बसतो. मागची खाच धातूच्या पट्टीने मढवलेली असावी, नाहीतर आसाचा नट थेट थरांत रुततो.

फिक्स्ड गिअरच्याच सायकलींवर धावायच्या जपानच्या कैरिन या ट्रॅक शर्यती १९४८ मध्ये कोकुरात सुरू झाल्या. त्यांत पुरुष आजही बहुतेक शर्यतींत ठरीव मानकाच्या पोलादी फ्रेमवर धावतात. २०१२ मध्ये नव्याने सुरू झालेल्या महिलांच्या कैरिनमध्ये मात्र कार्बन चालतो.