कॅरॅव्हॅन ओढायचीय? ऑस्ट्रेलियात ब्रेक कंट्रोलर, वायरिंग आणि नोंदणीची कागदपत्रं

डिसेंबरची सुट्टी जवळ आली की मेलबर्नच्या मराठी मंडळींत एक प्रश्न हमखास निघतो: "फोर-व्हील ड्राइव्ह घेतली, आता जुनी कॅरॅव्हॅन बघतोय. ब्रेक कंट्रोलर बसवायला परवानगी कुठे काढायची?"

ब्रेक कंट्रोलर म्हणजे ट्रेलरचे विजेवर चालणारे ब्रेक गाडीतून लावणारं उपकरण. नुसत्या कंट्रोलरसाठी कुठेही अर्ज करावा लागत नाही. कंपनीने गाडीला दिलेल्या ओढक्षमतेच्या आत राहून टोबार (ट्रेलर जोडायचा गाडीमागचा दांडा), सॉकेट आणि कंट्रोलर बसवला तर अभियंत्याचं प्रमाणपत्र लागत नाही. कागदपत्रं लागतात ती मागच्या ट्रेलरची, आणि कायदा मोजतो ते वजन. कंट्रोलर बसवल्याने गाडीची क्षमता एक किलोनेही वाढत नाही. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं बरंच सोपं जातं.

(आपल्याकडे ट्रेलर म्हटलं की उसाने शिगोशीग भरलेली, ट्रॅक्टरमागे डुलत जाणारी ट्रॉली आठवते. इथे तो डौल चालत नाही.)

आधी पाटी वाचा

प्रत्येक ट्रेलरवर, बहुतेक वेळा पुढच्या दांड्यावर, एक पाटी असते. तिच्यावर व्हीआयएन, म्हणजे वाहनाचा ओळख क्रमांक, आणि वजनाचे आकडे असतात. त्यातला एटीएम म्हणजे पैसे काढायचं यंत्र नव्हे. भरलेला ट्रेलर गाडीपासून सोडवून उभा केला तर त्याचं जास्तीत जास्त किती वजन चालेल, तो हा आकडा. जीटीएम म्हणजे ट्रेलर गाडीला जोडलेला असताना त्याच्या स्वतःच्या चाकांवर येणारं कमाल वजन. टोबारवरच्या, ट्रेलर अडकवायच्या गोळ्यावर पडणारा भार जीटीएममध्ये धरत नाहीत, म्हणून तो एटीएमपेक्षा कमी असतो. ब्रेकचे नियम जीटीएमवर ठरतात. बोलताना मात्र सगळे एटीएमच सांगतात, आणि घोळ तिथेच होतो.

जीटीएम ७५० किलोपर्यंत असेल तर ट्रेलरला ब्रेक नसले तरी चालतं. बागेतला कचरा टाकायला नेतात तो छोटा ट्रेलर यातलाच. ७५० च्या वर २,००० किलोपर्यंत किमान एका आसाच्या चाकांना ब्रेक हवेत. ट्रेलर पुढे रेटला गेला की आपोआप लागणारे ओव्हरराइड ब्रेक इथपर्यंत चालतात. २,००० किलोच्या वर सगळ्या चाकांना ब्रेक हवेत, ते चालकाला आपल्या जागेवरून लावता आले पाहिजेत, आणि ट्रेलर सुटलाच तर आपोआप लागून किमान १५ मिनिटं टिकले पाहिजेत. या शेवटच्या सोयीला ब्रेकअवे म्हणतात. तिची छोटी बॅटरी ट्रेलरवरच असते. जुन्या कॅरॅव्हॅनमध्ये ती कित्येकदा मेलेली सापडते, म्हणून बघायला जाल तेव्हा पिन ओढून ब्रेक खरोखर लागतात का ते पाहा.

सुरक्षा साखळ्यांचंही ठरलेलं आहे: २,५०० किलो एटीएमपर्यंत किमान एक, त्याच्या वर ३,५०० पर्यंत दोन.

गाडीच्या बाजूचा हिशेब

ओढायची मर्यादा गाडीची, टोबारची आणि कपलिंगची (ट्रेलरचा गोळ्यावर बसणारा भाग) वेगवेगळी असते. तिघांतली सगळ्यात कमी असेल ती तुमची. टोबारवरही क्षमतेची पाटी असते. ती नसेल किंवा रंगाखाली गेली असेल तर तो टोबार मी विकत घेणार नाही. गाड्यांमधला फरक मोठा आहे. जिमनी ब्रेक असलेला ट्रेलर १,३०० किलोपर्यंतच ओढते, लँडक्रूझर ३०० ची मर्यादा ३,५०० किलोची आहे.

पण ३,५०० चा आकडा ऐकून हुरळून जाऊ नका. लँडक्रूझर ३०० चा जीव्हीएम, म्हणजे माणसं-सामानासकट गाडीचं कमाल वजन, ३,२८० किलो. समजा तुमच्या गाडीचं रिकामं वजन २,६०० आहे. उरले ६८०. कॅरॅव्हॅन पूर्ण क्षमतेची असेल तर वजनाच्या साधारण दहा टक्के, म्हणजे ३५० किलो, गाडीच्या गोळ्यावर येतात आणि ते गाडीच्याच खात्यात जमा होतात. उरले ३३०. चार माणसं बसली की हातात राहतात पन्नासेक किलो. त्यात पुढचा बुलबार, छतावरचा रॅक, मागचा फ्रिज आणि आईने दिलेला तांदूळ बसवून दाखवा! कॅरॅव्हॅन मर्यादेत आणि गाडी मर्यादेबाहेर, हा प्रकार रस्त्यावर भरपूर दिसतो.

म्हणून वायरिंगच्या आधी वजनकाट्यावर जा. सगळं सामान आणि सगळी माणसं घेऊन. कॅरॅव्हॅन जोडलेली असताना फक्त गाडीची चाकं काट्यावर घ्या, ते जीव्हीएमशी ताडून पाहा. मग फक्त कॅरॅव्हॅनची चाकं, ते जीटीएमशी. मग सोडवून कॅरॅव्हॅन एकटी, ते एटीएमशी. शेवटच्या दोन आकड्यांतला फरक म्हणजे गोळ्यावरचा भार. काट्याची पावती फाइलला लावून ठेवा.

वजन बसत नसेल तर जीव्हीएम वाढवून घेता येतो, आणि इथे मात्र खरी अधिकृत प्रक्रिया सुरू होते. नवी गाडी पहिल्यांदा नोंदवण्याआधी ते काम झालं तर केंद्राच्या मान्यतेखाली होतं. नोंदणीनंतर करायचं तर राज्याच्या नियमाने: व्हिक्टोरियात व्हास योजनेतल्या मान्यताप्राप्त अभियंत्याचं प्रमाणपत्र, न्यू साउथ वेल्समध्ये व्हीएससीसीएस या तशाच योजनेतलं प्रमाणपत्र, क्वीन्सलंडमध्ये गाडीवर लावायची बदलाची पाटी. नुसत्या जाड स्प्रिंगा बसवून कागदावरचा आकडा बदलत नाही.

वायरिंग

इथे सर्रास दिसतो तो सात पिनांचा चपटा प्लग. पहिली पिवळी वायर डावा इंडिकेटर, दुसरी काळी रिव्हर्सचा दिवा, तिसरी पांढरी अर्थिंग, चौथी हिरवी उजवा इंडिकेटर, पाचवी निळी ट्रेलरचे ब्रेक, सहावी लाल ब्रेकचा दिवा, सातवी तपकिरी मागचे दिवे. आपल्या कामाची निळी. गाडीत बारा पिनांचं चपटं सॉकेट बसवून घेतलं तर सात पिनांचा चपटा प्लगही त्यात बसतो, आणि कॅरॅव्हॅनच्या फ्रिजसाठी जादा पिना मिळतात. पैसे थोडे जास्त जातील, पण पुन्हा डॅशबोर्ड उघडायला लागणार नाही.

कंट्रोलरला वीज थेट बॅटरीतून, सर्किट ब्रेकर लावून आणि पुरेशा जाड वायरने द्यायची. त्याला ब्रेकच्या दिव्याचा इशारा मिळतो आणि तो निळ्या वायरीतून ट्रेलरच्या ब्रेकला हवा तेवढा प्रवाह सोडतो. गाडीच्या ब्रेक ऑइलच्या नळ्यांना कोणी हात लावत असेल तर त्याला तिथेच थांबवा. नव्या गाड्यांत दिव्यांचा कारभार संगणकाकडे असतो. साधी जोड दिली की डॅशबोर्डवर बल्ब गेल्याचे इशारे येत राहतात. त्यासाठी गाडीच्या मॉडेलचं मॉड्यूल लागतं.

ऑफ-रोड जाणाऱ्यांनी दोन पद्धती असलेला कंट्रोलर घ्यावा. डांबरी रस्त्यावर गाडी किती जोरात थांबतेय ते ओळखून ब्रेक लावणारी पद्धत चांगली. पण खडबडीत उतारावर, गाडी कासवाच्या वेगाने जात असताना त्या सेन्सरला काही उमगत नाही. तिथे चालकाने ठरवलेल्या जोराने ब्रेक लावणारी पद्धतच हवी. हाताने ब्रेक लावायची घुंडी चालकाच्या हाताशी असली पाहिजे, पायाशी किंवा कप्प्यात नव्हे. काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या आणि बिलावर कंट्रोलरचं मॉडेल लिहून घ्या. विमा कंपनीला बदल कळवताना हेच बिल लागतं.

ट्रेलरचे कागद

जुना ट्रेलर घेताना सगळ्यात आधी व्हीआयएन टाकून पीपीएसआर या सरकारी नोंदवहीत शोध घ्या. सरकारी संकेतस्थळावर २ डॉलर लागतात आणि त्यावर कुणाचं कर्ज आहे का, चोरीची नोंद आहे का ते कळतं. हे २ डॉलर वाचवण्यात काहीही शहाणपणा नाही. १ जुलै २०२१ पासून लागू झालेल्या रस्ता वाहन मानक कायद्याने नव्या ट्रेलरची नोंद आरएव्ही या राष्ट्रीय यादीत व्हायला हवी, आणि ही नोंद उत्पादकाने करायची असते. ती झाली आहे का ते व्हीआयएनवरून फुकट तपासता येतं. नोंद नसेल तर राज्यात नोंदणी अडते, मग विक्रेता कितीही गोड बोलो.

व्हिक्टोरियात नोंदणी असलेला ट्रेलर विकत घेतला तर हस्तांतराच्या अर्जावर खरेदीदार आणि विक्रेता दोघांच्या सह्या लागतात. सोबत तुमच्या ओळखीचा पुरावा आणि खरेदीची पावती, आणि १४ दिवसांच्या आत सादर करायचं. दुसऱ्या राज्यात नोंदलेला असेल तर नुसतं हस्तांतर होत नाही, नव्याने नोंदणी करावी लागते. क्वीन्सलंडमध्ये ७५० ते ३,५०० किलो एटीएमचा ट्रेलर विकताना सुरक्षा प्रमाणपत्र लागतं, आणि कॅरॅव्हॅनमध्ये गॅस असेल तर गॅसचं प्रमाणपत्र वेगळं. तिथून घेत असाल तर दोन्ही मागून घ्या.

चालवणार कोण?

साध्या कारच्या लायसन्सवर एक ट्रेलर ओढता येतो, वेगळा वर्ग काढावा लागत नाही. घरातल्या नव्या चालकांचं मात्र वेगळं. व्हिक्टोरियात लाल पी पाटीवाल्यांना (नुकतंच तात्पुरतं लायसन्स मिळालेल्यांना) काम, शेती किंवा सोबत शिकवणारा बसलेला असल्याशिवाय ट्रेलर ओढता येत नाही. न्यू साउथ वेल्समध्ये लाल पीवाल्यांना रिकामं वजन २५० किलोपर्यंतचाच चालतो. पश्चिम ऑस्ट्रेलियात ११० ची पाटी असली तरी ट्रेलरसह १०० च्या वर जायचं नाही. गाडी आणि ट्रेलर मिळून लांबी ७.५ मीटर किंवा जास्त झाली की वस्तीबाहेर दुसऱ्या लांब वाहनामागे किमान ६० मीटर अंतर ठेवावं लागतं. कॅरॅव्हॅन जोडली की तुम्ही त्यात आलातच.

सगळं झालं की मोकळ्या मैदानात ताशी ४० च्या आसपास हाताची घुंडी दाबा. ट्रेलरची चाकं घसटली तर जोर थोडा कमी करा, ट्रेलर मागून ढकलतोय असं वाटलं तर वाढवा. सामान भरल्यावर हेच पुन्हा करायचं, कारण रिकाम्या कॅरॅव्हॅनला लावलेला आकडा भरलेलीला पुरत नाही.