ईझमेंट दिलं म्हणजे जंगल गेलं?

‘अमेरिकेत खासगी जंगलावर कॉन्झर्व्हेशन ईझमेंट केलं की जमीन हातची जाते, कोणीही आत फिरतं,’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ईझमेंट म्हणजे जंगल राखण्यासाठी मालकाने एखाद्या संस्थेशी किंवा सरकारशी केलेला, जमिनीच्या वापरावर बंधनं घालणारा करार. तो बहुधा कायमचा असतो, म्हणून भीती साहजिक आहे. पण मालकी तशीच राहते. जमीन विकता येते, मुलांना देता येते. सुटतो तो मुख्यतः प्लॉट पाडण्याचा आणि बांधकामाचा हक्क, आणि ते बंधन पुढच्या मालकालाही लागू राहतं. अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातल्या अशा कित्येक जंगलांत आजही झाडांना नळ्या लावून मेपलचा रस काढतात, आराखड्यानुसार लाकूडतोडही होते. बाहेरच्यांना प्रवेश? करारात लिहिला असेल तरच. खात्रीसाठी मूळ दस्त वाचा. व्हरमाँटमध्ये तो गावच्या टाउन क्लार्ककडे (नोंदी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे), इतरत्र बहुधा काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाच्या, नोंदींत कोणालाही पाहता येतो. त्यातलं ‘मालकाने राखून ठेवलेले हक्क’ हे कलम आधी शोधून वाचा.