कागदाच्या वाटेने आलेला पैसा : अमेरिकेतली कोरोनाकाळातली शेतमदत

२० एप्रिल २०२० रोजी मिनेसोटा राज्यातल्या वर्दिंग्टन गावचा जेबीएस कंपनीचा कत्तलखाना बंद झाला. रोज सुमारे २०,००० डुकरं कापणारा हा कारखाना. कामगारांत कोरोना पसरला होता. भोवतालची नोबल्स काउंटी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) मका, सोयाबीन आणि डुकरं यांवर जगते. डुक्कर ठरल्या वजनाला विकलं गेलं नाही तर ते खात आणि वाढत राहतं, आणि त्याच शेडमध्ये यायची पिल्लं मागे तयारच असतात. दहाएक दिवसांत कारखान्याचा काही भाग उघडला, पण मांसासाठी नाही. बाजार न मिळालेली डुकरं मारून टाकण्यासाठी.

कारखाना बंद होण्याआधी तीनच दिवस, १७ एप्रिलला, कृषी खात्याने १९ अब्ज डॉलरची मदत जाहीर केली होती. त्यातले १६ अब्ज थेट शेतकऱ्यांच्या हाती जायचे होते. २६ मेपासून अर्ज घेतले गेले आणि पैसेही लगोलग जमा होऊ लागले. सरकारी कामात ही चपळाई आली कुठून? त्यासाठी १९३३ पर्यंत मागे जावं लागतं.

महामंदीत शेतमालाचे भाव कोसळले तेव्हा रूझवेल्ट सरकारने कमी पिकवण्याबद्दल पैसे देणारा कायदा केला. उभा कापूस नांगरला गेला, सुमारे ६० लाख डुकरं, बहुतेक पिल्लंच, मारली गेली. म्हणजे २०२० चं ते दृश्य काही पहिलं नव्हतं. कुणी किती एकर पेरलं हे पाहायला काउंटीगणिक शेतकऱ्यांच्या समित्या नेमल्या. १९३६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला, पण समित्या टिकल्या. आज कृषी खात्याच्या फार्म सर्व्हिस एजन्सीच्या काउंटी कार्यालयात प्रत्येक शेताचा नंबर, नकाशा आणि पेऱ्याची नोंद असते. आपल्या सातबाऱ्यावरच्या पीकपाहणीसारखीच; तिच्यावर तिथे अनुदान ठरतं. पैसा पुरवणारं कमोडिटी क्रेडिट कॉर्पोरेशनही १९३३ चंच.

ही यंत्रणा गंजलेली नव्हती. चीनशी व्यापारयुद्ध पेटून सोयाबीनची गिऱ्हाइकी तुटली, तेव्हा २०१८ मध्ये १२ अब्ज आणि २०१९ मध्ये १६ अब्ज डॉलरपर्यंतची मदत याच वाटेने जाहीर झाली. २०१९ मध्ये तर प्रत्येक काउंटीचा दर वेगळा होता, एकरी १५ ते १५० डॉलर. साथ आली तेव्हा शेतकऱ्यांना कार्यालयाचा उंबरठा पाठ होता.

जुन्या वाटेबरोबर जुना हिशेबही आला. जनावरांना नगावर पैसे, पिकाला बुशेलवर (धान्य मोजायचं तिथलं माप); सप्टेंबरच्या दुसऱ्या फेरीत अनेक पिकांना एकरी किमान १५ डॉलर. माणशी अडीच लाख डॉलरची मर्यादा होती खरी, पण ज्याचं मोठं त्यालाच मोठं मिळणार, हे त्या मोजमापातच होतं. नोकरदारांचे पगार वाचवण्यासाठी काढलेलं माफ होणारं कर्ज मात्र बँकांमार्फत, करविवरणावरून मिळालं. एकट्याने शेती करणाऱ्याला डिसेंबर २०२० च्या कायद्याने निव्वळ नफ्याऐवजी एकूण उत्पन्न धरायची मुभा दिली, कमाल १ लाख डॉलर. कर्ज अडीच महिन्यांच्या उत्पन्नाएवढं, म्हणजे जास्तीत जास्त २०,८३३ डॉलर. शेतीप्रधान काउंट्यांच्या कर्जयाद्या चाळा, हाच आकडा पुन्हा पुन्हा दिसतो.

आणि ज्याच्या नावावर डुकरंच नव्हती त्याचं काय? आपल्याकडच्या बॉयलर कोंबड्यांसारखंच तिथे डुकरांचंही कंत्राटी पालन चालतं : पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, शेड, कर्ज आणि राबणं शेतकऱ्याचं. शेड रिकामी राहिली तर त्याची मजुरी बुडते, पण पहिल्या दोन्ही फेऱ्यांत मदत मालकी पाहून होती, म्हणून तो यादीबाहेर. डिसेंबर २०२० च्या कायद्यात त्याची सोय झाली. पण त्या मदतीचे नियम पक्के व्हायला ऑगस्ट २०२१ उजाडला. वर्दिंग्टनचा कारखाना सुरू होऊन तेव्हा १५ महिने झाले होते.