चार-सहा जणांची गुहा मोहीम: हे शक्य कसं झालं

आज चार-सहा जण रजा जुळवून, दोर आणि हेल्मेट बॅगेत भरून परक्या देशात जातात आणि तिथल्या गुहेत दोन-तीन आठवडे काढून येतात. एवढ्या कमी माणसांत हे जमायला लागलं ते गेल्या पन्नासेक वर्षांत, आणि माझ्या मते त्याचं मोठं श्रेय दोराला जातं.

1895 मध्ये एदुआर मार्तेल हा फ्रेंच वकील इंग्लंडला जाऊन यॉर्कशरमधल्या गेपिंग गिल या विवरात उतरला. शंभरेक मीटर सरळ खोल, वरून पाणी कोसळतंय, हा दोराच्या शिडीवर आणि वरच्यांशी बोलायला सोबत टेलिफोन! पण एक माणूस उतरवायचा तर वर सेफ्टीचा दोर धरायला, शिडी ओढायला माणसं लागायचीच. पुढे रोबेर द जोलीने हलक्या तारेच्या शिड्या आणल्या, ओझं कमी झालं, माणसं तेवढीच राहिली.

फार खोल ठिकाणी मग विंच, म्हणजे केबलने माणूस वर-खाली करायचं यंत्र. फ्रान्स-स्पेनच्या सीमेवरच्या पिएर सें मार्तें या गुहेमध्ये सुमारे 320 मीटरचा उभा टप्पा आहे, तिथे 1952 मध्ये मार्सेल लुबेन्स या फ्रेंच गुहावाल्याला वर घेताना केबलचा क्लॅम्प सुटला. तो पडला आणि गेला. त्याचा देह बाहेर काढायला 1954 उजाडलं, हे वाचताना आजही पोटात कालवतं.

चित्र बदललं जुमारमुळे. 1958 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये बनलेली ही दोरावर चढायची पकड, वर सरकवली की सरकते, वजन टाकलं की दात दोर पकडतात, बस. पेत्झल आणि ड्रेसलर या फ्रेंच गुहावाल्यांनी खास गुहेसाठी साधनं केली, आणि ज्याचा तो एकाच दोरावर चढायला-उतरायला लागला, वर कुणी थांबायची गरज उरली नाही.

मग लांबचे देश आवाक्यात आले. बोर्निओतल्या मुलूमध्ये 1981 मध्ये तीन ब्रिटिश गुहावाले अंधारात चालत राहिले, दिव्याचा उजेड समोरच्या भिंतीपर्यंत पोचेचना, कारण ते सारावाक चेंबरमध्ये होते, 600 मीटर लांब आणि 400 हून जास्त रुंद! गुहेची मोजणीही सोपी होत गेली, आधी टेप, होकायंत्र, चढ-उताराचा कोन मोजणारा क्लायनोमीटर आणि चिखलाने माखलेली वही, नंतर बेआट हेबने लेझर मीटरमध्ये बदल करून डिस्टोएक्स बनवलं, अंतर, दिशा आणि कोन, तिन्ही मापं एका बटणावर.

माणसं कमी झाली नाहीत ती फक्त रेस्क्यूमध्ये. 2023 मध्ये तुर्कस्तानातल्या मोर्जा गुहेत सुमारे 1000 मीटर खोलीवर एक अमेरिकन आजारी पडला, त्याला बाहेर काढायला बऱ्याच देशांतून दीड-दोनशे माणसं यावी लागली. म्हणून आता प्लॅनिंगमध्ये परमिट आणि नकाशांसोबत यजमान देशातल्या रेस्क्यू टीमशी बोलणंही हवं.