काचेच्या पेटीवर गावाची तहान भागत नाही

उन्हाळा लागला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर तोच निरोप फिरतो: काचेची तिरपी पेटी करा, समुद्राचं पाणी ओता, ऊन फुकट, किनाऱ्यावरच्या अख्ख्या गावाला गोडं पाणी मिळेल.

पेटी खरी आहे. वाफ काचेवर थेंब धरते, मीठ खाली उरतं. चिलीत लास सालिनासला १८७२ मध्ये असा मोठा प्रकल्प उभा राहिला होता.

चुकतो तो हिशेब. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे ०.६५ युनिट (वीजबिलातलंच युनिट, म्हणजे किलोवॅट-तास) उष्णता लागते. पुण्यात एक चौरस मीटर गच्चीवर दिवसाला सरासरी ५ ते ६ युनिट ऊन पडतं. काहीच वाया गेलं नाही तरी ८-९ लिटर. प्रत्यक्षात हाती लागतात ३-४. एका माणसाच्या पिण्यापुरते!

तेवढ्याच जागेतलं सौर पॅनेल साधारण १ युनिट वीज देतं. ती वीज आरओला दिली, तर त्यात पंप पाणी मीठ अडवणाऱ्या बारीक पडद्यातून दाबतो, वाफ करावीच लागत नाही. मोठ्या संयंत्राला समुद्राचं १,००० लिटर पाणी गोडं करायला ३ ते ४ युनिट पुरतात. लहान संयंत्राला तिप्पट वीज धरली, तरी त्या एका युनिटात ८० लिटर निघतं. पडदे बदलायचा खर्च आणि उरलेलं अतिखारं पाणी कुठे सोडायचं, हे प्रश्न मात्र वाडीला आधीच सोडवावे लागतात.